७२ सीसीचा स्टिकर, ५२ सीसीचे इंजिन: मोठी चेनसॉ घेताना झालेली माझी फसवणूक

जाड लाकडासाठी मोठी चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, घेण्याचा विचार करणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी हे वाचावे, एवढ्यासाठीच मी हा अनुभव लिहीत आहे. माझे एकूण ३२,७४९ रुपये गेले. त्यांपैकी २३,५०० रुपये यंत्राचे, २,८०० रुपये जादा बार (ज्या लांब पट्टीभोवती साखळी फिरते ती) आणि साखळीचे, १,४५० रुपये ‘वॉरंटी नोंदणी’चे आणि शेवटचे ४,९९९ रुपये, जे लिहिताना मला सर्वांत जास्त लाज वाटते, ते पैसे परत मिळवण्यासाठी भरलेल्या अनामत रकमेचे. हे आकडे घरातही बरेच दिवस कोणाला सांगितले नव्हते.

मी या कामात नवखा नाही, हे आधी स्पष्ट करतो. सहा वर्षे माझ्याकडे ४० सीसीची, १६ इंची बारची चेनसॉ आहे. फांद्या तोडणे, २५-३० सेंटिमीटरपर्यंतचे ओंडके कापणे, साखळीला धार लावणे, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळणे हे सगळे मी स्वतः करतो. या वर्षी मात्र ५५ ते ६० सेंटिमीटर व्यासाची वाळलेली, कठीण खोडे कापायची वेळ आली आणि लहान यंत्र दोन्ही बाजूंनी लावूनही दर दोन मिनिटांनी गुदमरू लागले. अशा लाकडाला ७० सीसीच्या वर्गातले यंत्र हवे, हा माझा निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. त्या वर्गाच्या चांगल्या यंत्राची ताकद साधारण ४ किलोवॅट असते आणि २० ते २४ इंची बार पूर्ण लाकडात असतानाही ते इंजिनाचे फेरे टिकवून धरते. गरज मी बरोबर ओळखली होती. फसलो ते वस्तू पारखण्यात.

जाहिरातीत ‘७२ सीसी, ४.२ किलोवॅट, २२ इंची बार’ असे लिहिले होते. किंमत फुकटात दिल्यासारखी असती, तर मी संशय घेतला असता. पण विक्रेत्याने ती नेमकी अशी ठेवली होती की, मध्ये कोणी दलाल नसल्यामुळे स्वस्त पडते, हा त्याचा खुलासा पटावा. शिवाय पैसे आगाऊ मागितले नाहीत. त्याचा माणूस गाडीतून यंत्र घेऊन आला, त्याने ते माझ्यासमोर सुरू केले आणि सोबत आणलेला ओंडका काही सेकंदांत कापून दाखवला. तो ओंडका जेमतेम २० सेंटिमीटर जाडीचा, ओला आणि मऊ लाकडाचा होता. माझे जाड खोड दहा पावलांवर पडलेले होते आणि मी त्याला ते कापून दाखवायला सांगितले नाही. ज्या लाकडासाठी यंत्र घ्यायचे आहे, त्याच लाकडावर ते चालवून बघा. विक्रेत्याने आणलेल्या ओंडक्यावर काहीही सिद्ध होत नाही.

त्यानंतर जे घडले, तो क्षण मला रात्री झोपू देत नाही. मी यंत्र हातात घेतले आणि ते मला हलके वाटले. सहा वर्षे चेनसॉ उचलणाऱ्या हाताला ते लगेच कळले. माझ्या जुन्या यंत्रापेक्षा ते फार तर अर्ध्या किलोने जड असावे. मी तसे बोललोही. त्यावर तो माणूस शांतपणे म्हणाला, “काका, नवीन मिश्रधातूचं इंजिन आहे. जुनी यंत्रं जड असायची, आता तसं राहिलेलं नाही.” आणि मला आनंद झाला! वाढत्या वयात हलके यंत्र मिळते आहे, याचा आनंद. ७० सीसीच्या यंत्राचे नुसते धड, म्हणजे बार आणि साखळी काढून, साधारण सहा किलो किंवा त्याहून थोडे अधिक भरते, हे मी कुठेतरी वाचलेले होते. घरात धान्य मोजण्याचा वजनकाटा होता. बार काढायला दोन नट आणि दोन मिनिटे पुरली असती. नंतर मी ते वजन केले, तेव्हा ५ किलो २०० ग्रॅम भरले. पण तोपर्यंत रक्कम त्याच्या खात्यात जाऊन बारा दिवस उलटले होते.

ते बारा दिवस कसे गेले, हेही सांगितले पाहिजे, कारण खरी चलाखी तिथेच होती. बिलावर परतीची मुदत ७ दिवसांची होती. जाताना त्या माणसाने बजावले की, इंजिन नवीन आहे, म्हणून पहिले दहा दिवस २० सेंटिमीटरहून जाड लाकडाला लावू नका, नाहीतर वॉरंटी रद्द होईल. नव्या इंजिनाला सुरुवातीला जपावे लागते, हे खरेच आहे, आणि म्हणूनच मला ते खोटे वाटले नाही. प्रत्यक्षात नामांकित उत्पादकांच्या पुस्तिका एवढेच सांगतात की, इंधनाच्या पहिल्या दोन-तीन टाक्या संपेपर्यंत यंत्र लाकडात नसताना पूर्ण वेगाने फिरवू नये. जाड लाकडापासून दहा दिवस दूर ठेवा, असे मी पाहिलेल्या एकाही पुस्तिकेत नाही. माझ्या अर्धवट माहितीचा वापर करून त्याने परतीची मुदत माझ्याच हातून संपवून घेतली. कोणी असे सांगितले, तर तो सल्ला बिलावर सहीनिशी लिहून मागा आणि परतीची मुदत त्यानंतर सुरू होईल, हेही लिहून घ्या.

दुसरी खूण धारेच्या वेळी मिळाली होती. या ताकदीच्या यंत्राला सहसा ३/८ पिचची साखळी असते (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधले सरासरी अंतर, इंचांत), म्हणून मी ५.५ मिलिमीटरची गोल कानस आणली. ती दात्याच्या खाचेत नीट बसेना. मी काय करावे? साखळी लहान का, असा प्रश्न विचारण्याऐवजी मी दुकानात परत गेलो आणि ४.८ मिलिमीटरची कानस घेऊन आलो. ती अचूक बसली, कारण साखळी ०.३२५ पिचची होती, म्हणजे मध्यम आकाराच्या यंत्रांना वापरतात ती. बारच्या मागच्या टोकाला पिच, गेज (बारच्या खाचेची रुंदी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्या खाचेत फिरणाऱ्या कड्यांची, संख्या ठोकलेली असते. माझ्या बारवर ०.३२५ आणि ८६ हे आकडे स्पष्ट वाचता येत होते. बारवर अक्षरे नसतील, तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे करावे, ०.३२५ पिचला ते सव्वाआठ मिलिमीटरच्या आसपास येते आणि ३/८ पिचला नऊ मिलिमीटरच्या वर जाते. निव्वळ पिचवरून फसवणूक सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण हलके वजन आणि लहान साखळी या दोन गोष्टी एकत्र दिसल्यावर तरी मी थांबायला हवे होते.

अकराव्या दिवशी यंत्र खऱ्या खोडाला लावले. बारचा निम्मा भाग आत जाईपर्यंत ते चालले. त्यापुढे फेरे एकदम उतरले, साखळी अडली आणि क्लचमधून जळका वास येऊ लागला. मी दोष स्वतःलाच दिला. धार पुन्हा लावली, साखळीचा ताण तपासला, बारचे ऑइल पाहिले. धार गेली असती, तर भुसा पिठासारखा पडला असता. इथे तर चांगले टपोरे ढलपे पडत होते, म्हणजे साखळी कापत होती आणि इंजिनच कमी पडत होते. लांब बार लावल्याने यंत्र मोठे होत नाही. उलट साखळीची लांबी, घर्षण आणि एकाच वेळी लाकडात शिरलेले दाते हे सगळे वाढते आणि लहान इंजिन त्या ओझ्याखाली तापून मरते. ५० सीसीच्या इंजिनाला १६ ते १८ इंची, फार तर २० इंची बार शोभतो. ग्राहकाची नजर बारवर जाते, हे ओळखूनच या लोकांनी त्यावर २२ इंची बार चढवलेला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पिस्टन जाम झाला.

मेकॅनिकने सिलिंडर काढला आणि व्हर्नियरने माझ्यादेखत मापे घेतली. व्यास ४५.२ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची सरक, ३२.५ मिलिमीटर. व्यासाच्या वर्गाला ०.७८५४ ने आणि मग स्ट्रोकने गुणावे आणि हजाराने भागावे, की सीसी मिळतात. उत्तर ५२.१ आले. याच स्ट्रोकमध्ये ७२ सीसी भरण्यासाठी सिलिंडरचा व्यास ५३ मिलिमीटर लागला असता. ७२ हा आकडा केवळ स्टिकरवर होता; स्टिकर नखाने निघाला आणि त्याखाली दुसऱ्या स्टिकरचा डिंक होता.

पैशांपेक्षाही भयंकर गोष्ट त्यानंतर कळली. पुढच्या हातरक्षकाला ढकलले की ‘कट्’ असा आवाज येत असे आणि चेन ब्रेक, म्हणजे साखळी तत्क्षणी थांबवणारा ब्रेक, लागला, असे मी समजत असे. ब्रेकची पट्टी क्लचच्या ड्रमला पकडतच नव्हती. आवाज येई आणि साखळी फिरत राही. बारचे टोक लाकडावर आपटून यंत्र उसळले असते, तर साखळी थांबवणारे काहीही नव्हते. त्या दोन दिवसांत माझा भाचा कितीतरी वेळा माझ्याशेजारी हातभर अंतरावर उभा होता. यंत्र विकत घेण्यापूर्वी ते जमिनीवर घट्ट धरून साखळी फिरत असताना ब्रेक लावून बघा. साखळी तत्क्षणी थांबली नाही, तर किंमत कितीही कमी असली तरी ते घेऊ नका.

विक्रेत्याला फोन केला, तेव्हा तो अत्यंत नम्रपणे बोलला. चूक मान्य केली, पूर्ण रक्कम परत देतो म्हणाला, फक्त परतीच्या नोंदणीसाठी ४,९९९ रुपये अनामत भरावी लागेल आणि तीही दोन दिवसांत परत येईल. असले सापळे आपल्या सगळ्यांना ठाऊक असतात. मलाही ठाऊक होते. पण २७,७५० रुपये बुडालेला माणूस ते वाचवायला काहीही करतो, आणि हा माणूस तर माझ्या दारात येऊन पाणी पिऊन गेलेला होता, त्याचा चेहरा मी पाहिलेला होता. पैसे भरले आणि तो क्रमांक कायमचा बंद झाला. पैसे परत देण्यासाठी जो पैसे मागतो, त्याला एक रुपयाही देऊ नका.

यानंतर जे सुरू झाले, त्याचा संताप मूळ फसवणुकीपेक्षा कमी नाही. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी अडीच तास बसवून सांगितले की, वस्तू मिळाली आहे, तेव्हा ही फसवणूक नसून खरेदीचा वाद आहे. मी मेकॅनिकने लिहून दिलेली मापे दाखवली, तेव्हा अधिकाऱ्यांनी विचारले, “पण यंत्र सुरू होत होतं ना?” दुसऱ्या भेटीत तक्रार नोंदवायला मूळ बिल मागितले, बिलावरचा पत्ता अस्तित्वात नाही, हे मीच त्यांना सांगितले, तर ‘मग प्रतिवादीचा पत्ता आणा’ असे उत्तर मिळाले. पत्ता शोधण्यासाठीच मी तिथे गेलो होतो! बँकेने कळवले की, रक्कम मी स्वतःच्या संमतीने पाठवली असल्यामुळे त्यांना काही करता येणार नाही. अनामतीची रक्कम गेल्यावर वीस मिनिटांच्या आत मी बँकेला फोन केला होता आणि ते खाते गोठवण्याची विनंती केली होती. तो फोन तीन ठिकाणी फिरवण्यात आला आणि शेवटी लेखी अर्ज घेऊन शाखेत या, असे सांगण्यात आले. मी शाखेत पोहोचेपर्यंत खाते रिकामे झाले होते, हेही त्याच बँकेच्या कर्मचाऱ्याने सांगितले.

ग्राहक तक्रार केंद्राकडे मी सतरा छायाचित्रे पाठवली: वजनकाट्याचे, व्हर्नियरचे, बारवरच्या आकड्यांचे, दुहेरी स्टिकरचे. चाळीस दिवसांनी उत्तर आले की, विक्रेत्याशी संपर्क होऊ न शकल्यामुळे तक्रार ‘निकाली’ काढण्यात येत आहे. विक्रेता पळून गेला, हीच माझी तक्रार होती आणि तो पळून गेला म्हणूनच ती निकाली निघाली. इंजिनाचा आकार खोटा छापणे हा गुन्हा कोणाच्या अखत्यारीत येतो, हे मी चार कार्यालयांत विचारले. प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव सांगितले. तरीही तक्रार लेखी करा, पोच घ्या, फोनवर बोललेल्या माणसाचे नाव आणि वेळ टिपून ठेवा. पैसे गेल्याचे कळताच शाखेत जाण्याची वाट न पाहता त्याच मिनिटाला बँकेला लेखी संदेशही पाठवा. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून वीस मिनिटांची ती धावपळ मला सिद्ध करता आली नाही.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. यंत्राच्या अंगावर कोरलेला अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा. माझ्या यंत्रावर तो फक्त कागदी पट्टीवर होता. आणि सुटे भाग कुठे मिळतील, हे खरेदीआधी विचारून तिथे प्रत्यक्ष फोन करावा. मी पिस्टनसाठी चौकशी केली, तेव्हा कळले की त्या नावाची कंपनीच कोणाला माहीत नाही, मात्र तोच पिस्टन ५२ सीसीच्या साध्या यंत्रांसाठी सर्वत्र सहज मिळतो.

खोडे अजून तशीच पडून आहेत. गेल्या आठवड्यात ती जाहिरात पुन्हा दिसली. छायाचित्र तेच आहे, मागच्या भिंतीवरचा ओलीचा डागही तोच आहे. आकडा मात्र आता ८२ सीसी झाला आहे आणि बार २४ इंची. मी तीन वेळा तक्रार केली. तिन्ही वेळा ‘जाहिरातीत नियमभंग आढळला नाही’ असे उत्तर आले, आणि आज सकाळी पाहिले तेव्हाही ती तिथेच होती.