१६ वरून ३२ जीबी : रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी दोन स्टिक, की नवा दोन स्टिकचा किट?

फ्लाइट सिम्युलेटरला ३२ जीबी रॅम लागते, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० च्या आवृत्तीसाठी १६ जीबी शिफारस होती आणि ३२ जीबी आदर्श. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी आवृत्ती आली आणि तेच आकडे ३२ आणि ६४ झाले. खरा घोळ त्यापुढचा आहे. मदरबोर्डवर ८-८ जीबीच्या दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या) आहेत आणि शेजारी दोन स्लॉट रिकामे आहेत. तिथे आणखी ८-८ बसवायच्या, की जुन्या काढून १६-१६ चा किट (एका पाकिटातली तपासलेली जोडी) घ्यायचा? खालचा हिशोब डीडीआर४ चा, म्हणजे रॅमच्या आधीच्या पिढीचा आहे, तोही मुख्यतः बी४५० किंवा बी५५० बोर्ड आणि एएमडीचा रायझन ५००० प्रोसेसर धरून. आपल्याकडे बऱ्याच जणांची सिमची (फ्लाइट सिम्युलेटरची) मशिनं अजून तीच आहेत. डीडीआर५ वाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

पैसे मोजण्याआधी रॅम खरोखर कमी पडतेय का, ते बघून घ्या. टास्क मॅनेजरमधला ‘इन यूज’ आकडा फसवा असतो, कारण विंडोज आहे त्या रॅममध्ये भागवत राहतं. त्याच्याच खाली ‘कमिटेड’ (प्रोग्रॅमनी मागितलेली एकूण मेमरी) बघा. तिथला पहिला आकडा १६ च्या बराच वर, म्हणजे २३-२४ वर असेल, तर रिसोर्स मॉनिटर उघडून ‘हार्ड फॉल्ट्स’चा (रॅमऐवजी डिस्कवरून डेटा आणावा लागल्याचा) आलेख लावून ठेवा आणि जड ठिकाणी उतरून बघा. मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर फायनल (उतरण्याचा शेवटचा टप्पा), जोडीला फेनिक्सचं ए३२० किंवा पीएमडीजीचं ७३७ यांसारखं जड अ‍ॅडऑन विमान, विमानतळाची विकत घेतलेली सीनरी, लाइव्ह ट्रॅफिक आणि मागे ब्राउझरमध्ये उघडे चार्ट, एवढं पुरे. कॅमेरा कॉकपिटमधून बाहेर फिरवताना आलेख उसळतो आणि चित्र क्षणभर गोठतं, तर दुखणं रॅमचंच. आलेख सपाट असेल आणि सिमच्या डेव्हलपर मोडची एफपीएसची (दर सेकंदाच्या चित्रांची) खिडकी सतत ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ म्हणत असेल, तर नुसती जीबी वाढवून हाती काही लागणार नाही. तिथे प्रोसेसर अडलेला असतो. ज्यांचं दुखणं रॅमचं आहे, त्यांनीही सरासरी एफपीएस वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. ३२ जीबीने स्टटर (चित्राचे झटके) जातात, सरासरी जवळपास तीच राहते.

आता पहिला पर्याय : आहे त्यात आणखी दोन. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. निम्म्या मालाचे पैसे लागतात, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जसे भडकलेत ते पाहता हा मुद्दा किरकोळ नाही. जुन्या स्टिक विकण्याची कटकट नाही. शिवाय एक तांत्रिक फायदाही पदरात पडतो. ८ जीबीची स्टिक बहुधा सिंगल रँक (चिपचा एकच गट असलेली) असते. चार बसवल्या की प्रत्येक चॅनेलवर (प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन वाटांपैकी प्रत्येकीवर) दोन रँक होतात, आणि प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर एका रँककडून उत्तर येईपर्यंत दुसरीला कामाला लावू शकतो. मेन थ्रेडवर अडणाऱ्या सिमला त्याची थोडी मदत होते. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर चार स्टिकचं मशिन कागदावर कणभर सरसच ठरतं.

पण सुरळीत चालण्याला अटी आहेत. रायझन ५००० साठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन स्टिकना ३२००, चार सिंगल रँक स्टिकना २९३३ आणि चार ड्युअल रँकना २६६७ असा आहे. एक्सएमपी (स्टिकचा जाहीर वेग लावणारं बायोसमधलं प्रोफाइल) लावून चार स्टिक ३२०० वर चालतात, अनेकांकडे वर्षानुवर्षं चालल्या आहेत, पण ती कंट्रोलरची आणि बोर्डची मेहेरबानी. बहुतेक बोर्डांवर स्लॉटची जोडणी डेझी चेन पद्धतीची असते, म्हणजे ती दोन स्टिकसाठी जुळवलेली असते. चार भरल्या की सिग्नलचा दर्जा उतरतो.

दुसरी अट चिपची. बॉक्सवर नाव तेच, वेग तोच, सीएल१६ (उत्तराला लागणारा उशीर, ठोक्यांत) सुद्धा तेच, तरी आत चिप वेगळी निघू शकते. कोर्सेअरच्या स्टिकवर बारीक अक्षरात ‘व्हर’ आणि एक आकडा छापलेला असतो : ३ ने सुरू होत असेल तर मायक्रॉन, ४ असेल तर सॅमसंग, ५ असेल तर हायनिक्स. बाकी ब्रँडच्या बाबतीत सीपीयू-झेड या प्रोग्रॅममधल्या एसपीडी टॅबवर ‘डीरॅम मॅन्युफॅक्चरर’ बघा. तीन-चार वर्षांपूर्वीच्या स्टिकची हुबेहूब जोडी आज मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात फिरूनही मिळेलच असं नाही. एक्सएमपी प्रोफाइलमध्ये मुख्य आणि आणखी मोजकी टायमिंग (रॅमच्या एकेका कामाला किती ठोके द्यायचे ते आकडे) तेवढी लिहिलेली असतात. बाकी डझनभर बोर्ड स्वतः ठरवतो, आणि ती चारही स्टिकना मानवतीलच याची खात्री नसते.

रॅम मुळीच चालली नाही तर बरं असतं. चार स्टिक टाकल्यावर मशिन सुरूच झालं नाही तर तासाभरात निकाल लागतो, स्टिक परत देऊन मोकळं होता येतं. त्रास होतो तो ९९ टक्के चालण्याचा. विंडोज चालतं, ब्राउझर चालतो, बाकी गेम चालतात. आणि दोन-अडीच तासांच्या उड्डाणानंतर, डिसेंट (खाली उतरणं) सुरू झाल्यावर सिम काहीही न सांगता थेट डेस्कटॉपवर फेकून देतं.

हे उतरतानाच का होतं, त्याला कारण आहे. क्रूझवर (उंचावरच्या सपाट उड्डाणात) खालची जमीन ढोबळ तपशिलात असते. डिसेंटमध्ये बारीक टेरेन, विमानतळाची सीनरी आणि ट्रॅफिक एकाच वेळी रॅममध्ये येतं. तोवर संगणकाची केस दोन तास तापलेली असते, आणि एकमेकींना खेटून उभ्या चार स्टिकमधून वारा जेमतेम फिरतो. काठावर चालणारी रॅम तापली की आधी चुकते. नागपूर, अकोला, जळगावकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी उडणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं : रात्री गारव्यात पास झालेली मेमरी टेस्ट दुपारी दोनची हमी देत नाही.

मग क्रॅशची नोंद बघायला विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडावा, तर तिथे ०एक्ससी००००००५. हा कोड बिघडलेल्या अ‍ॅडऑनमुळे येतो, ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे येतो आणि रॅममुळेही येतो. आज चुकलेलं मॉड्यूल म्हणून सिमचंच नाव दिसतं, उद्या ड्रायव्हरच्या डीएलएलचं, परवा तिसरंच. (दर वेळी नाव बदलत असेल तर संशय रॅमवर घ्यावा. एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर आधी त्या अ‍ॅडऑनकडे बघावं.) त्यापायी अ‍ॅडऑनचा कम्युनिटी फोल्डर रिकामा करा, ड्रायव्हर पुसून पुन्हा टाका, शंभराहून जास्त जीबीचं सिम परत उतरवा, हे सगळं करून झालं तरी मनातला संशय जात नाही. चार मिश्र स्टिक मशिनमध्ये असेपर्यंत प्रत्येक क्रॅशला एक जादा संशयित असतो. माझ्या बाबतीत पारडं इथे झुकलं. माझ्या मशिनवर मेमटेस्टचे चारही पास निर्विघ्न पार पडायचे आणि सिम मात्र डिसेंटमध्ये बंद व्हायचं. १६-१६ चा किट बसवल्यावर तेच मार्ग, तेच अ‍ॅडऑन नीट उतरू लागले. एका मशिनवरून नियम बांधता येत नाही हे मान्य, पण तेव्हापासून क्रॅश झाला तर शोध कुठून सुरू करायचा ते मला माहीत असतं.

किटचे तोटेही आहेत. पैसे जास्त जातात आणि जुन्या ८-८ ला विकताना फारसा भाव येत नाही. नव्या १६ जीबी स्टिक हल्ली बऱ्याचदा सिंगल रँक निघतात, तेव्हा रँकचा वर सांगितलेला फायदा हुकतो. सिममध्ये तो फरक मला तरी जाणवला नाही. घेताना जीबीइतकंच सीएल बघा. ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८ दोन्हींचा हिशोब १० नॅनोसेकंदांवर येतो, ३२०० सीएल२२ चा १३.७५ वर जातो. सिमला हा उशीर भोवतो, आणि स्वस्त स्टिक नेमक्या सीएल२२ च्या असतात. रायझन ५००० ला ३६०० चांगली मानवते, कारण इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतली जोडणी) १८०० वर बरोबरीने चालतं. दोन सुट्या १६ च्या स्टिक घेऊ नका, एका पाकिटातला किटच घ्या. एकत्र तपासलेली जोडी मिळावी म्हणूनच तर हा खर्च आहे. दोन ८ सोबत एक १६ टाकण्याचा विचार सोडून द्या. दोन्ही ८ एका चॅनेलवर आणि १६ दुसऱ्यावर घातली तर चॅनेल समान होतात, पण मिश्र स्टिकचं दुखणं राहतंच, आणि मांडणी चुकली तर रॅमचा काही भाग सिंगल चॅनेलवर चालतो.

बसवताना वीज बंद करून केबल काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. स्टिक प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ आणि बी२ मध्ये. अनेक बोर्डांवर कुंडी एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसरं टोक अर्धवट बसलेलं लक्षात येत नाही. दोन्ही टोकांना सारखं दाबून टक् आवाज ऐका. मोठा टॉवर कूलर असेल तर स्टिकची उंची आधी मोजा. रॅम बदलली की बोर्ड बऱ्याचदा एक्सएमपी बंद करतो, म्हणून बायोसमध्ये जाऊन ते पुन्हा चालू करा आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘स्पीड’ तपासा. तिथे २१३३, २४०० किंवा २६६६ दिसलं तर घेतलेला वेग तुम्ही वापरतच नाही आहात. पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) ‘सिस्टिम मॅनेज्ड’ राहू द्या. ३२ जीबी झाली म्हणून ती बंद केलीत, तर कमिटची मर्यादा खाली येते आणि सिम त्याच कारणाने पडू शकतं.

डीडीआर५ वर मला दुसरी बाजू फारशी दिसतच नाही. रायझन ७००० ला दोन स्टिकसाठी अधिकृत वेग ५२०० आहे आणि चारसाठी थेट ३६००. एक्सपो (एएमडीचं एक्सएमपीसारखं प्रोफाइल) लावून दोन स्टिक ६००० वर आरामात चालतात, चार तिथे क्वचितच टिकतात. चार स्टिकचं मेमरी ट्रेनिंगही (सुरू होताना बोर्डने रॅमशी जुळवून घेणं) लांबतं : पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळाच राहतो, आणि घाबरून वीज बंद केली की ते पुन्हा पहिल्यापासून. म्हणून २०२४ च्या आवृत्तीसाठी कधीतरी ६४ जीबी लागेल असं वाटत असेल तर आत्ताच ३२-३२ घ्या. १६-१६ घेऊन रिकाम्या स्लॉटच्या भरवशावर बसू नका.

चार स्टिक आधीच घेऊन झाल्या असतील तर लगेच विकायला काढू नका. वेग २९३३ वर आणा, टायमिंग तीच ठेवा. रॅमचा व्होल्टेज १.३५ असेल तोच राहू द्या. मेमटेस्ट८६ चे चार पास आणि त्यावर विंडोजमधून टीएम५ ही मेमरी चाचणी चालवा, तेही दुपारी, केस बंद ठेवून. एक चूकसुद्धा खपवून घेऊ नका. चूक आली तर एकेक स्टिक एकटी ए२ मध्ये घालून पुन्हा तपासा. एकट्या असताना चारही शुद्ध निघाल्या तर दोष जुळणीचा आहे, मग २६६६ वर उतरून बघा. तिथेही सिम पडत असेल, तर एक जोडी काढून, टेरेनचा एलओडी (तपशिलाची पातळी) कमी करून तोच मार्ग उडवा. १६ जीबीवर स्टटरत का होईना, विमान गेटपर्यंत पोहोचलं तर आता किटचे पैसे काढायला हरकत नाही.