अनोळखी आर्केड कॅबिनेट: जुनं चित्र शोधायचं की नवं छापायचं?

नाणं टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमची पेटी, म्हणजे आर्केड कॅबिनेट, हाती आली तर पडद्यावरचा गेम बघून लगेच तिच्यावर लावायची चित्रं मागवू नका. एका कॅबिनेटमध्ये दुसराच गेम बसवणं तेव्हा सर्रास चालायचं. निन्टेंडोनंच १९८१ मध्ये अमेरिकेत न खपलेल्या 'रडार स्कोप'च्या मशीनमध्ये 'डाँकी काँग' बसवला होता!

मूळ चित्र शोधायचं तर बाजूच्या फळीवरचा वरचा रंग अगदी हलक्या हातानं घासा. नशीब असेल तर खाली जुन्या चित्राची कडा दिसते. मग फळ्यांचा आकार आणि मागचा सिरियल नंबर ताडून बघा. ओळख पटली की तयार प्रतिकृती मापात बसते, पण खिसा हलका होतो.

व्हायनिलवर, म्हणजे चिकट प्लास्टिकच्या पातळ शीटवर, नवं छापणं सोपं. वरची गेमच्या नावाची पाटी मात्र अर्धपारदर्शक फिल्मवरच हवी, मागून दिवा लागतो. फळीखाली काहीच सापडलं नाही, तरच मी इकडे वळेन.