दांडिया बाजारातला वाडा की पादरा तालुक्यातलं शेत?

मस्कतहून परतलो तेव्हा दोन घरं होती. बडोद्यात दांडिया बाजारातला आजोबांचा वाडा, आणि पादरा तालुक्यातलं शेतावरचं घर. वाड्यात सोय मोठी: शेजारी मराठी बोलणारे, सयाजीरावांच्या काळातली सेंट्रल लायब्ररी पायी गाठता येते.

शेतावर पहिले महिने जडच गेले. लेकीला गुजराती येईना, ती गप्प गप्प राहायची, माझा जीव तुटायचा. मग हिवाळ्यात शेजारच्या मासींबरोबर तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिला शब्द फुटले. (मस्कतच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्याचं नावही ठाऊक नव्हतं.) दवाखान्यासाठी शहर गाठावं लागतं, आईच्या वयाकडे पाहता हे खरंच बोचतं. तरी मी शेतच निवडलं. गणपतीचे दहा दिवस मात्र वाड्यात.