काखेत लवकर केस: वाट पाहायची की तपासण्या करायच्या?

सहा-सात वर्षांच्या मुलीच्या काखेला मोठ्यांसारखा घामाचा वास येतो, जांघेत चार केस दिसतात आणि घरात एकच धास्ती: आता पाळी येणार! बहुतेक वेळा तसं नसतं. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी जरा लवकर जाग्या झालेल्या असतात. मुलींत ८ आणि मुलांत ९ वर्षांच्या आत हे झालं, तर त्याला अकाली अ‍ॅड्रिनार्की म्हणतात.

खरी वयात येण्याची प्रक्रिया मेंदूतून सुरू होते. तिची खूण केस नव्हे. मुलीत छातीला गाठ लागणं आणि मुलात वृषणांचा आकार ४ मिलीच्या घरात जाणं. अ‍ॅड्रिनार्कीत या दोन्ही गोष्टी नसतात. हाडांचं वय थोडं पुढे असू शकतं, पण अंतिम उंची सहसा बिघडत नाही. म्हणूनच पाळी लांबवणारी इंजेक्शनं इथे निरुपयोगी: ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा संदेश थांबवतात, अ‍ॅड्रिनलचा नाही.

मुलाची तब्येत चांगली, उंची नेहमीच्याच गतीने वाढते आणि नुसते मोजके केस असतील, तर दर ४-६ महिन्यांनी उंची-वजनाची नोंद बऱ्याचदा पुरते. तरी एकदा रक्तातली डीएचईए-एस, १७-ओएचपी (दोन्ही अ‍ॅड्रिनलची हार्मोन्स) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) यांची तपासणी आणि डाव्या हाताचा हाडांच्या वयाचा एक्स-रे करून घ्यावा, असं आमचं मत. १७-ओएचपीचं रक्त सकाळी ८ च्या सुमारास द्यायचं. दुपारी पातळी उतरलेली असते आणि सौम्य जन्मजात अ‍ॅड्रिनल विकार नजरेतून सुटतो. सकाळचा आकडा २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर गेला, तर एसीटीएच, म्हणजे अ‍ॅड्रिनलला चालना देणारं हार्मोन, देऊन पुढची चाचणी करतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, काही यंत्रांवर हार्मोनचे आकडे त्याने चुकतात.

आवाज जाड होणं, मुलीची शिश्निका (क्लिटोरिस) मोठी होणं, पुरळ झपाट्याने वाढणं किंवा उंची एकाएकी वाढणं, यांपैकी काही दिसलं तर वाट पाहायची नाही. त्याच आठवड्यात बालअंतःस्रावतज्ज्ञांना दाखवायचं, हार्मोन तयार करणारी गाठ (ट्यूमर) नाही ना हे पाहायला. वडील टेस्टोस्टेरॉन जेल लावत असतील तर तेही सांगायचं. ते मुलाच्या अंगाला लागतं, आणि हे कुणी विचारत नाही तोवर कुणाच्या लक्षात येत नाही.

राहिला प्रश्न असा: लवकर केस आले म्हणजे पुढे हृदयाला आणि चयापचयाला धोका का? बार्सिलोनातल्या अभ्यासांत जन्मवजन कमी, लवकर केस, वाढलेलं इन्सुलिन आणि पुढे पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा हार्मोन विकार) अशी साखळी दिसली. फिनलंडमधल्या मुलांत मात्र चयापचयातला बराचसा फरक जास्त वजनाशी जोडलेला आढळला. यातून निर्णयाला उपयोगी पडतं ते असं: सडपातळ, जन्माला पुरेसं वजन असलेल्या मुलीला दरवर्षी कोलेस्टेरॉलच्या चाचण्यांची गरज नाही. वजन जास्त, जन्मवजन कमी किंवा घरात मधुमेह असेल, तर पारडं तपासण्यांकडे झुकतं.

अशा मुलाची उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि एएलटी (यकृताची तपासणी) तपासावं. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर ते वाढलेल्या बीएमआयइतकंच (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) गंभीर. रक्तदाब मोजताना पट्टा मुलाच्याच मापाचा हवा: फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के. लहान पट्ट्याने आकडा जास्त येतो आणि घरभर उगाच काळजी. मानेवरचा काळा, मखमली पट्टा मळ समजून घासू नका, तो इन्सुलिन वाढल्याची खूण असू शकतो. वजन झटकन उतरवायची घाईही नको. वाढत्या वयात वजन तेवढंच ठेवून उंची वाढू दिली तरी बीएमआय उतरतो. त्यासाठी आधी बाटलीबंद गोड पेयं आणि डब्यातली बिस्किटं बंद करावीत, आणि रोज तासभर मैदानावर पाठवावं.