चामडी बॅगेचे कोपरे पांढरे पडले: रंगीत बाम की पिगमेंट रंग?

आधी तळाशी पाण्याचा एक थेंब टाका. मिनिटभरात मुरून डाग गडद झाला, तर चामडं उघड्या छिद्रांचं. थेंब मण्यासारखा तसाच राहिला, तर वर रंगाचा थर आहे. निवड बरीचशी इथेच ठरते.

मुरणाऱ्या चामड्याला रंगीत बाम, म्हणजे रंग मिसळलेलं मलम. सुती फडक्याने पातळ लावा, अर्धा तास मुरू द्या, मग घासून पुसा. तीन-चार हात पुरतात आणि वापराने आलेली सुंदर झळाळीही टिकते. मात्र बाम भेगा भरत नाही. थराच्या चामड्यावर तर तो वरवर राहून कुर्त्याला लागतो.

थराच्या किंवा भेगाळलेल्या चामड्याला पिगमेंट, म्हणजे वर थर धरणारा रंग. त्याचं काम मेहनतीचं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल, मेण, जुनं पॉलिश काढा. ही पायरी गाळली की रंग पापुद्र्यासारखा सुटतो. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने कोपरे हलके घासा, भेगांत लेदर फिलर (भेगा बुजवायची लुगदी) भरा, वाळल्यावर १००० नंबरने गुळगुळीत करा. मग स्पंजने थापटत रंगाचे ४-५ पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. घाईने एकच जाड हात दिला तर तो घडीवर तडकतोच. वरून मॅट फिनिशरचे, म्हणजे रंग जपणाऱ्या बिनचमक लेपाचे, दोन हात. पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ धरा.

हँडल मात्र दोन्ही पद्धतींत अवघड. त्यात घाम आणि तेल खोल मुरलेलं असतं, म्हणून ते अल्कोहोलने दोनदा पुसून एक रात्र ठेवा. सकाळी तेलकटपणा पुन्हा वर आला, तर रंग न लावता नवं हँडल शिवून घ्या.