स्कोप माउंट बॅरलला इपॉक्सीने चिकटवायचाय? पाकिटावरच्या ताकदीच्या आकड्याला भुलू नका

ज्यांच्या रायफलला वर स्कोप (नेमाची दुर्बीण) धरणारा माउंट अडकवायला डव्हटेल, म्हणजे खाच, नाही, ड्रिल-टॅप केलेली (आटे पाडलेली) भोकं नाहीत आणि बॅरलला भोक पाडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. भीती रास्तच आहे म्हणा. स्कोप बेसला (माउंटच्या तळपट्टीला) बहुतेक वेळा ६-४८ चा, म्हणजे इंचाला ४८ आटे असलेला, बारीक स्क्रू लागतो, बॅरलच्या पातळ भागात त्याला धड चार आटे मिळत नाहीत, आणि ड्रिल जरा जास्त आत गेलं की बॅरल भंगारात. मग माणूस इपॉक्सीकडे वळतो, दुकानात जातो, पाकिटावर सगळ्यात मोठा आकडा बघतो आणि तेच उचलतो. इथेच गडबड होते.

मी तीन जातींचं इपॉक्सी तपासलं. एक पाच मिनिटांत सेट होणारं, दुसरं साधं हळू सेट होणारं, म्हणजे अराल्डाइट स्टँडर्डच्या जातीचं, आणि तिसरं स्टीलची भुकटी घातलेलं, जे-बी वेल्ड ओरिजिनल. सुपरग्लू घेतलाच नाही, पातळ काचेसारखा कडक होतो आणि धक्क्याला तडकतो, रिकॉइलसमोर (गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्यासमोर) त्याचं काम नाही. बॅरलच्या जाडीचे भंगारातले स्टील पाइपचे तुकडे घेतले, त्यांवर ॲल्युमिनियमचे माउंट चिकटवले, नीट कडक होऊ दिले आणि मग लांब दांडा लावून वजनकाट्याने ओढले, काहींना हातोडीचे ठोके दिले, काही जुन्या ओव्हनमध्ये तापवून गरम असतानाच ओढले. (ओव्हन यासाठीच ठेवलेला, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये असले उद्योग करू नका.)

आधी थोडं गणित, कारण सगळे घाबरतात ते रिकॉइलला. रिंगांसकट स्कोप अर्धा किलोचा आणि झटका ५०० जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट) धरला तर जोर येतो साधारण २४५० न्यूटन, म्हणजे अडीचशे किलोचं वजन क्षणभर ओढतंय असं समजा. ऐकायला भयंकर वाटतं. पण माउंटचा तळ १०० मिमी लांब आणि १५ मिमी रुंद असेल तर तोच जोर १५०० चौरस मिमीवर पसरतो, म्हणजे चौरस मिमीला दीड न्यूटनच्या जरा वर. नीट घासलेल्या, साफ केलेल्या स्टीलवर चांगलं इपॉक्सी याच्या आठ-दहा पट सहज सोसतं. त्यामुळे थंड अवस्थेत सरळ ओढलं तेव्हा तिन्ही जाती पास झाल्या, पाच मिनिटवालीसुद्धा! म्हणून तर लोक फसतात, टेबलावर माउंट हलवून बघायचा, हलत नाही, चला झालं काम.

खरा शत्रू आहे उष्णता. खोलीच्या तापमानाला कडक होणारी बहुतेक इपॉक्सी ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडायला लागते. वितळत नाही, पण काचेसारखी होती ती चामड्यासारखी होते. बॅरलला हात लावल्यावर पटकन मागे घ्यावासा वाटतो ना, तेव्हा ते साधारण तेवढंच तापलेलं असतं. सेंटरफायर (मोठ्या, जोरदार काडतुसाच्या) रायफलने भराभर गोळ्या झाडल्या तर बॅरल त्याच्याही पुढे जातं. म्हणजे धक्का सगळ्यात जोराचा आणि गोंद सगळ्यात नरम, असा मुहूर्त एकाच वेळी गाठला जातो. पाच मिनिटवाल्याचे तुकडे ओव्हनमधून काढून ओढले तर माउंट तुटून नाही पडला, हळूच सरकला, आणि तो प्रकार जास्त वाईट, कारण तुटला तर निदान कळतं तरी. सरकलेला माउंट थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बसतो, नव्या जागी, आणि तुम्ही झिरो (स्कोपचा जुळवलेला नेम) कुठे गेला म्हणून स्कोपला शिव्या देत बसता. पाच मिनिटवाल्यांत बहुधा मर्कॅप्टन जातीचा हार्डनर असतो, ट्यूब उघडल्यावर सडका वास येतो तो त्याचाच. उष्णता आणि ओल दोन्ही त्याला सोसत नाहीत. फुटलेली फुलदाणी जोडायला ठीक आहे, बॅरलवर नको.

जे-बी वेल्डच्या पाकिटावर ५०२० पीएसआय (चौरस इंचाला पौंड, म्हणजे ताकद) आणि २८७ अंशांपर्यंत टिकतं असं असतं. पण २८७ अंशांना टिकतं म्हणजे जळून कोळसा होत नाही असं समजायचं, त्या तापमानाला ५०२० पीएसआय मिळतात असं नाही, तो आकडा थंड अवस्थेतला. हे कुठल्याही कंपनीच्या इपॉक्सीला लागू आहे, एकट्या याच्यावर राग नाही. उलट तिन्हींत मला आवडलं ते हेच. भुकटीमुळे घट्ट असतं, ओघळत नाही, बॅरलच्या गोलाईत आणि माउंटच्या तळात फट असेल तर ती भरून काढतं, आणि ४ ते ६ तास सेट व्हायला घेतं म्हणून स्कोप सरळ करायला निवांत वेळ मिळतो. पूर्ण कडक व्हायला १५ ते २४ तास, मी तर त्यावर आणखी एक दिवस रायफल टांगून ठेवतो. साधं हळूवालंही ताकदीला कमी नाही, फक्त पातळ आहे, उभ्या बाजूने ओघळून नको तिथे जातं.

अजून एक गोष्ट जिच्याकडे कोणी बघत नाही. बॅरल स्टीलचं, माउंट बहुतेक ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. १०० मिमीच्या माउंटमध्ये ६० अंशांच्या फरकाला ०.०६६ मिमी इतका तफावतीचा हिशोब येतो, केसाच्या जाडीइतका. आता गोंदाचा थर जर शिकंजा आवळून आवळून कागदाहून पातळ केला असेल तर तो ही ओढाताण कुठे जिरवणार? म्हणून क्लॅम्प गच्च आवळायचा नाही, थर ०.१ ते ०.२ मिमी राहू द्यायचा. बारीक तांब्याच्या तारेचे दोन तुकडे खाली आडवे ठेवले की थर आपोआप तेवढाच राहतो. स्टीलचा माउंट मिळाला तर तोच घ्या, भांडणच मिटलं.

तयारीबद्दल सांगतो, कारण सगळ्यात मोठा फरक ब्रँडने नाही, इथे पडला. ब्लूइंगवर (बॅरलच्या स्टीलवरच्या काळ्या-निळ्या संरक्षक थरावर) गोंद लावला की तो बॅरलला नाही, ब्लूइंगच्या थराला आणि त्यात मुरलेल्या तेलाला चिकटतो. तसे तुकडे ओढल्यावर गोंद पूर्णच्या पूर्ण माउंटबरोबर निघून आला, बॅरल खाली स्वच्छ चकाकतंय. घासलेल्या तुकड्यांवर मात्र गोंद मधूनच फाटला, अर्धा इकडे अर्धा तिकडे, आणि असंच फाटायला हवं. तर जेवढ्या जागेवर माउंट बसणार तेवढ्यावर चिकटपट्टीने चौकट करा, १२० नंबरच्या पेपरने उघडं स्टील दिसेपर्यंत आडवंतिडवं घासा, मग ॲसिटोन, दर वेळी नवीन फडकं. पाण्याचा थेंब टाकून बघा, पसरला तर साफ, मणी होऊन बसला तर अजून तेल आहे. ॲल्युमिनियम घासल्यावर लगेच लावा, त्याच्यावर ऑक्साइडची साय क्षणात धरते.

लावताना माउंट आणि रिंगांत स्कोप आधीच बसवलेला असू द्या, बोअरमधून (बॅरलच्या आतल्या पोकळीतून) लांबच्या खुणेकडे बघून स्कोपचं रेटिकल (आतली फुली) तिथे आणा आणि मग कडक होऊ द्या. १०० मिमीच्या माउंटखाली एका टोकाला ०.१ मिमी जास्त गोंद राहिला तरी १०० मीटरवर १० सेंटिमीटरचा फरक पडतो, स्कोपची ॲडजस्टमेंट तिथेच खर्ची पडते. बोल्ट बाहेर काढून, चेंबर रिकामी आहे याची दोनदा खात्री करूनच हे करायचं, हे वेगळं सांगायला नको. हातात नायट्राइल मोजे घाला, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा चिकटली की जात नाही.

तर कुणाला चालेल? पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल आणि निवांत खेळायची .२२ रिमफायर (छोट्या काडतुसाची रायफल), बॅरल तापतच नाही, बिनधास्त लावा. स्प्रिंगवाल्या एअर रायफलला जपून, तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्हीकडून येतो, मी तिथे गोंदाबरोबर मागे एक स्टॉप पिनही (माउंट सरकू न देणारी खुंटी) मागेन. मोठ्या सेंटरफायरवर फक्त गोंदावर भरवसा ठेवून शिकारीला किंवा मॅचला जाणार असाल तर माझ्याकडून नाही. तिथे एका चांगल्या गनस्मिथकडून स्क्रू टाकून घ्या आणि गोंद खालची फट भरायला वापरा, त्या कामात जे-बी वेल्ड पैकीच्या पैकी.

आणि हो, काढायचा झाला तर पान्याने उचकटू नका. हीट गनने हळूहळू दीडशे अंशांच्या आसपास न्या, मग लाकडी ठोकळ्यावर बाजूने टिचकी मारा, सुटतो. गॅसची ज्योत अजिबात नको. आणि जोडबॅरल बंदूक असेल तर हीट गनही नको, तिची बॅरलांना जोडणारी पट्टी बऱ्याचदा कथलाच्या डाकाने बसवलेली असते आणि तो १८३ अंशांपासूनच सुटायला लागतो.