अंदाज बाजार: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

अंदाज बाजार म्हणजे पुढे काय घडेल याच्या शक्यतेचे सौदे होतात तो बाजार. मृगापासून दिवाळीपर्यंत मी अशी एक परदेशी साइट नेमाने वापरली. तिथे खरे पैसे लागत नाहीत, खेळातली नाणी मिळतात आणि कुणालाही आपला प्रश्न टाकता येतो. लातूरला आडतीवर हिशेब लिहिण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे भावाची चढउतार मला नवी नाही. पण शक्यतेचा भाव पहिल्यांदाच बघितला.

प्रश्न हो-नाहीचा असतो. रुपयात सांगायचं तर घटना घडली की 'हो'च्या एका हिश्श्याचा एक रुपया मिळतो, नाही घडली तर काहीच नाही. तो हिस्सा 60 पैशांना मिळत असेल तर बाजाराच्या मते शक्यता 60 टक्के. तुम्हाला 80 वाटते? मग घ्या. घेतलं की भाव चढतो आणि तुम्हाला जे माहीत आहे ते सगळ्यांना भावातून दिसतं. समोर विकणारा नसला तरी सौदा अडत नाही, कारण सूत्रावर चालणारी यंत्रणा कायम भाव देत असते. रॉबिन हॅन्सन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांचं अशा सूत्रांवरचं काम प्रसिद्ध आहे. त्याच्याही आधी, 1988 मध्ये, आयोवा विद्यापीठाने अध्यक्षीय निवडणुकीवर छोट्या रकमांचा असा बाजार चालवला होता.

खरी मेहनत प्रश्न लिहिण्यात आहे. लातूरला पाणी देणारं 'मांजरा धरण भरेल का?' असा प्रश्न टाकायचं ठरलं तेव्हा आम्हा मित्रांत आधी वाद झाला तो भरणं म्हणजे काय यावर. उपयुक्त साठा धरायचा की मृतसाठ्यासह एकूण? आकडा जलसंपदा विभागाचा, पण कोणत्या तारखेचा? 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं ज्या शहराने पाहिलं, तिथे हे प्रश्न किरकोळ नाहीत. सोयाबीनचंही तसंच. 'भाव 2025-26 चा 5,328 रुपये क्विंटलचा हमीभाव ओलांडेल का?' यात कमाल भाव की सर्वसाधारण, हे लिहिलं नाही तर निकालाच्या दिवशी दोन्ही बाजू बरोबर ठरतात. एखाद्या चांगल्या वाळलेल्या ढिगाला कमाल भाव मिळतो, शेतकऱ्याच्या हातात पडतो तो बहुतेकदा सर्वसाधारण. शिवाय निकाल प्रश्न टाकणाराच देतो, म्हणून नियम आधीच लिहून ठेवलेले हवेत.

मला सगळ्यात आवडलं ते हे की 'यंदा पाणी येतंय बघा' म्हणणाऱ्या माणसाला आकडा सांगावा लागतो. केजकडचा एक मित्र धरणाची आवक रोज बघायचा. धरणाच्या वर, पाटोद्याकडे पाऊस झाला की त्याची खरेदी आमच्या आधी व्हायची, आणि भाव का हलला ते विचारल्यावर आम्हालाही कळायचं.

उणिवा आहेत. आमच्या प्रश्नांवर मोजकीच माणसं, त्यामुळे एकाच्या मोठ्या खरेदीने भाव कुठल्या कुठे जातो. अशा भावाला मी लोकांचा अंदाज म्हणत नाही. लांब मुदतीच्या प्रश्नात दोन-तीन टक्क्यांची शक्यता फुगलेली राहते, कारण ती खाली आणायला कुणी वर्षभर नाणी अडकवून ठेवत नाही. त्यामुळे टोकाच्या आकड्यांवर मी फार विसंबत नाही.

खऱ्या पैशांबद्दल स्पष्ट लिहितो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने एप्रिल 2025 मध्ये सांगितलं की मतांवरचे असे सौदे आपल्या अखत्यारीत येत नाहीत आणि त्यात गुंतवणूकदाराला संरक्षण नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला. आडतीवरच्या पोरांना मी नाण्यांचीच साइट दाखवतो. आता तुरीचा प्रश्न टाकायचाय, त्यात 'लातूर बाजार समितीचा सर्वसाधारण भाव' आणि तारीख आधीच लिहून ठेवली आहे.